प्रमिलाबाईंची जागी झोप

प्रमिलाबाई शिराळकर गेली तीस वर्षं झोपल्या नव्हत्या. निदान त्या स्वतः तसं सांगत, आणि सांगलीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांचं म्हणणं खोडून काढायची कुणाची टाप नव्हती.

सकाळी साडेसातला चहाचा कप हातात आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही." मग तपशील येत. दीड वाजता कुणाचं तरी कुत्रं भुंकलं. अडीचला पाण्याची मोटर सुरू झाली. चारला वरच्या मजल्यावरचा मुलगा आला, बूट न काढता चालला. हे सगळं त्या बातम्या वाचल्यासारखं सांगत, आणि ऐकणाऱ्याला आपण रात्री मेल्यासारखे झोपलो होतो याची लाज वाटे.

त्यांच्या झोपेसाठी घराने स्वतःला बरंच मुरडून घेतलं होतं. सकाळी नऊच्या आत मिक्सर लावायचा नाही. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजे. आपोआप फिरणारं झाडूयंत्र दहापर्यंत रजेवर असे. दाराची घंटा काढून तिथे दिवा बसवला होता. कुणी आलं की तो लुकलुके. मुलगा नचिकेत, पंचावन्न वर्षांचा, गावात नाव असलेला दंतवैद्य, पहाटे शिंक आली की नाक धरून गच्चीकडे धावे.

आणि सून ऋजुता. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. रोज रात्री तूप लावून काशाच्या वाटीने सासूबाईंचे तळपाय घासायचं काम तिच्याकडे होतं. नचिकेतने एकदा प्रयत्न केला होता, पण "हा पाय घासतोय की घोड्याला खरारा करतोय?" म्हणून त्याला त्याच रात्री निवृत्ती मिळाली.

२०४३ च्या जूनमध्ये ऋजुताला नागपूरहून पत्र आलं. विज्ञानशिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेला फिरती प्रयोगशाळा उभारायची होती. दहा महिने तिथे राहून ते काम तिने करावं, असं त्यांचं म्हणणं होतं. उत्तर पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हवं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला शोधत आलंय, या आनंदात ऋजुताने ते पत्र चारदा वाचलं. मग काशाच्या वाटीकडे पाहिलं आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

पण विज्ञान शिकवणारी बाई होती ती. आईंची झोप दुरुस्त झाली तर आपली सुटका होईल, हे समीकरण तिने मांडलं आणि पुढच्याच शनिवारी प्रमिलाबाईंना घेऊन विश्रामबागेतल्या 'नीजघर' नावाच्या दुकानात गेली.

नीजघरात फक्त झोपायचे कपडे मिळत. दुकान चालवणारी अल्पना कोरे इचलकरंजीची. वस्त्रतंत्रज्ञान शिकलेली आणि नंतर झोपेच्या अभ्यासात शिरलेली. गिऱ्हाईक आलं की ती आधी कपडा दाखवत नसे, झोपेची हकिकत विचारे.

"आजी, अंथरुणावर पडल्यावर झोप किती वेळात लागते?"

"लागतच नाही."

"कुशी किती बदलता?"

"बाई गं, झोपच नाही तर कुशी कसल्या? पडून असते. छत बघते."

अल्पनाने मान डोलावून लिहून घेतलं. मग तिने ऋजुताच्या हातात कापडाचा एक तुकडा दिला आणि समजावून सांगितलं. झोप लागायची तर शरीराच्या आतला भाग साधारण एका अंशाने थंड व्हावा लागतो. त्यासाठी शरीर रक्त हातापायांकडे पाठवून उष्णता बाहेर टाकतं. वय झालं की ही व्यवस्था सुस्तावते. या कापडाच्या सुतात मेणासारख्या पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे कण भरलेले होते. तूप वितळतं आणि थिजतं, तसे ते अंगाच्या उबेला वितळताना उष्णता शोषून घेत, आणि पहाटे गार पडलं की थिजताना तीच ऊब परत देत. घाम आला की विणीचे धागे आखडून मध्ये फटी पडत आणि वारा आत येई.

"आणि हे?" ऋजुताने छातीजवळची चंदेरी रेघ दाखवली.

"तो धागा नाडी आणि श्वास मोजतो. झोप उथळ असते तेव्हा नाडी चंचल असते. गाढ झोपेत नाडी आणि श्वास दोन्ही एका लयीत येतात. त्यावरून गाऊनला कळतं की माणूस कुठल्या पायरीवर आहे. आठवडाभरात तो माणूस ओळखायला लागतो आणि स्वतःला बदलतो. रोज सकाळी तुमच्या फोनवर अहवाल येतो."

शास्त्र इतकं सोपं होतं. निवड मात्र दीड तास चालली.

पहिला गाऊन रेशमासारखा होता. प्रमिलाबाई तो घालून तिथल्या पलंगावर बसल्या आणि लगेच उठल्या. "हा घालून झोपले तर घसरत मिरजेला पोचेन." दुसऱ्यावर अंधारात मंद चमकणारी फुलं होती. "डास फिदीफिदी हसतील मला बघून." तिसऱ्याचा गळा घट्ट, चौथ्याच्या बाह्या तोकड्या. पाचवा त्यांना आवडला. बरं कापड, द्राक्षासारखा जांभळा रंग, पुढे चेन. त्यांनी दोन्ही हात कुशीशी नेले, चाचपडले आणि त्यांचा चेहरा पडला.

"खिसा नाही?"

"आजी, झोपेत खिसा कशाला?" अल्पनाने विचारलं.

"झोपेत कोण म्हणालं? मी जागी असते. बाम लागतो, विजेरी लागते, वेलदोडा लागतो. खिसा नसलेला गाऊन म्हणजे उशीचा अभ्रा. आणि वरून ओढणी घेतली की खाली भाजीवाल्याकडे जाता आलं पाहिजे."

अल्पनाने ऋजुताकडे पाहून सुस्कारा टाकला. "आमच्या प्रयोगशाळेत गाऊन रात्री घालतात असं गृहीत धरलं होतं. विक्री सुरू झाल्यावर कळलं, आपल्याकडे तो रात्रीही घालतात." तिने दोन दिवसांत खिसा लावून द्यायचं कबूल केलं.

सोमवारी रात्री जांभळा गाऊन कामाला लागला. मंगळवारी सकाळी प्रमिलाबाई चहाचा कप घेत म्हणाल्या, "कापड मऊ आहे हो. पण डोळ्याला डोळा नाही." त्याच वेळी ऋजुताचा फोन किणकिणला. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने अहवाल उघडला.

एकूण झोप: सात तास चाळीस मिनिटं. पैकी गाढ झोप: एक तास पन्नास मिनिटं. शेरा: वयाच्या मानाने उत्कृष्ट.

बुधवारी सात तास पंचावन्न. गुरुवारी आठ. शुक्रवारी पुन्हा सात चाळीस. ऋजुताला वाटलं, यंत्रात खोट असणार. उपकरणावर विश्वास ठेवण्याआधी ते तपासून बघावं, असं ती मुलांना दरवर्षी शिकवत आली होती. शुक्रवारी दुपारी प्रमिलाबाई आंघोळ करून साडी नेसून देवळात गेल्या, तेव्हा तिने दवाखान्यातून जेवायला आलेल्या नचिकेतला पकडलं.

"हा घाल."

"मी? गाऊन?"

"मला माझ्यावर प्रयोग करता येत नाही. मला निकाल काय यायला हवा ते ठाऊक आहे. तुला काहीच ठाऊक नाही."

हे शेवटचं वाक्य लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसाला पटण्यासारखं होतं. नचिकेतने जांभळा गाऊन चढवला आणि कोचावर आडवा होऊन क्रिकेट लावलं. ऋजुता घड्याळ आणि वही घेऊन समोर बसली. चाळीस मिनिटं तो जागा होता; गाऊनने 'जागे' अशी नोंद केली. मग खेळपट्टी ओली म्हणून खेळ थांबला आणि तो घोरायला लागला; दुसऱ्याच मिनिटाला गाऊनने 'उथळ झोप' लिहिलं. दाराजवळचा दिवा लुकलुकला तेव्हा ऋजुता लिहिण्यात गर्क होती. नचिकेत दचकून उठला, सवयीने जाऊन दार उघडलं. समोर सोसायटीचे सचिव काळे उभे होते. त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं, खिशापाशी जरा थांबले.

"डॉक्टर, नंतर येतो," म्हणाले आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले.

गाऊनमध्ये खोट नव्हती. मग कुठे होती? ऋजुताच्या मनात पंचवीस वर्षांची पातेल्यातली डाळ शिजू लागली. न लावलेला मिक्सर, चवड्यांवर चालणं, अकरापर्यंत काशाची वाटी. आणि या बाई खुशाल आठ तास झोपत होत्या!

"आईला सांगू नकोस," नचिकेत म्हणाला. "तिला वाईट वाटेल."

"आणि मला?"

"हं," नचिकेत म्हणाला. कठीण प्रसंगी त्याचं हेच उत्तर असे.

ऋजुताने शनिवारचा दिवस तोंड मिटून काढला. रविवारी नणंद शलाकाताई कोल्हापूरहून आल्या. चहा झाला, भडंगाची बशी मध्ये आली आणि प्रमिलाबाईंनी सुरुवात केली. "शलाका, तुला काय सांगू. काल तर फ्रिजचं दार आपटलं. ऋजुता पाणी प्यायला उठली असेल. त्यानंतर जी गेली ती गेलीच झोप."

ऋजुताने फोन भडंगाच्या बशीला टेकवून उभा केला.

"आई, काल तुम्ही सात तास पन्नास मिनिटं झोपलात. परवा आठ. हा आलेख बघा. तुम्ही रोज झोपता. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त झोपता."

शलाकाताईंचा हात बशीकडे जाता जाता हवेत थांबला. नचिकेतने छताकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी चष्मा लावला, आलेख नीट पाहिला, चष्मा काढला.

"म्हणजे मी तीस वर्षं खोटं बोलते," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

त्या ओरडल्या असत्या तर ऋजुताला सोपं गेलं असतं. त्या उठून खोलीत गेल्या. थोड्या वेळाने जांभळा गाऊन घडी घालून, खिसा रिकामा करून, ऋजुताच्या पलंगावर ठेवलेला होता.

पुढचे चार दिवस घर विचित्र झालं. प्रमिलाबाई जुन्या सुती साडीत झोपायला लागल्या. तळपाय घासू देईनात. सकाळी चहा घेत आणि काहीच बोलत नसत. त्यांच्या बातम्या बंद झाल्याने घरातल्या कुणाला काल रात्री जगात काय झालं ते कळेना. मिक्सर आता कधीही लावता आला असता. पण ऋजुता बटणापाशी हात नेई आणि मागे घेई. विजय झाला होता आणि तो घरात कुणालाच पचत नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी ती शेंगा सोलत बसली असताना प्रमिलाबाई समोर येऊन बसल्या. त्यांनी दोन शेंगा उचलल्या.

"तुझ्या त्या यंत्रात मागचं दिसतं का? मागच्या गुरुवारी रात्री एक वाजून दहा मिनिटांनी मी काय करत होते?"

ऋजुताने फोनमध्ये शोधलं. "गाढ झोपेत होतात, आई. त्या रात्रीची सगळ्यात गाढ."

"बरं. त्या वेळी तू पलीकडच्या खोलीत नचिकेतला म्हणालीस, नागपूरचं उत्तर पंधरापर्यंत पाठवायचंय. आईंना कसं विचारू, तळपाय कोण घासणार. जाऊ दे, नाही म्हणून टाकते. आणि तो गधडा नुसता 'हं' म्हणाला आणि कूस बदलली."

शेंग ऋजुताच्या हातातच राहिली. शब्द न् शब्द बरोबर होता. 'हं'सुद्धा.

"तुम्ही ऐकलंत?"

"मी जागी होते, बाई. तेच सांगतेय गेली तीस वर्षं."

ऋजुताच्या डोक्यातला राग तिथेच विझला आणि तिथे दुसरंच काहीतरी पेटलं. दोन निरीक्षणं, दोन्ही खरी, आणि एकमेकांच्या उलट. अशा वेळी चूक निरीक्षणात नसते, आपल्या समजुतीत असते. हेही ती दरवर्षी शिकवत होती. रविवारी भडंगासमोर मात्र ते तिला आठवलं नव्हतं.

"आई, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला खोटं ठरवलं. उद्या माझ्याबरोबर याल? एकदाच."

"गाऊन बदलून घ्यायला?"

"नाही. तुमचं खरं करायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण करून, दोघी नीजघरात गेल्या. अल्पनाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक टोपरं काढलं. तान्ह्या बाळाला घालतात तसंच, हनुवटीखाली बंद असलेलं. फक्त आतून बारीक धातूचे ठिपके होते. "नाडीवरून शरीर झोपलंय की नाही ते कळतं. डोक्यात काय चाललंय, ते याने कळेल."

एक्याऐंशी वर्षांच्या प्रमिलाबाई टोपरं बांधून, जांभळा गाऊन घालून आतल्या खोलीत पलंगावर पडल्या. "या वयात बारसं बाकी होतं," म्हणाल्या. दार लोटून ऋजुता आणि अल्पना बाहेर पडद्यासमोर बसल्या. अल्पनाने बिस्किटं काढली. वीस मिनिटांत आतून संथ घोरणं ऐकू येऊ लागलं.

पडद्यावर मोठ्या, सावकाश लाटा उमटल्या. "ही गाढ झोप," अल्पना म्हणाली. "आणि आता हे बघा." लाटांच्या पाठीवर बारीक, घाईघाईची थरथर होती, समुद्रावर रिमझिम पडावी तशी. "ही थरथर जागेपणी असते. झोपलेल्या माणसात ती विझायला हवी. आजींचा मेंदू झोपतो, पण त्यातला एक भाग दारात खुर्ची टाकून बसतो. ऐकतो, लक्षात ठेवतो. सकाळी मेंदू त्यालाच विचारतो, रात्र कशी गेली? तो सांगतो, मी तर जागाच होतो."

"पण असं का?"

"काहींचं असतं. झोप असते, झोपेची जाणीव नसते. आजी नोकरी काय करत होत्या?"

"मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. ट्रंक कॉल जोडायच्या. रात्रपाळी बरीच असायची."

अल्पना हसली. "त्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण कानाला वर्षानुवर्षं झोपायची परवानगी नसेल, तर तो ती सवय सोडत नसावा."

चाळीस मिनिटांनी प्रमिलाबाई टोपऱ्यासकट बाहेर आल्या. "झाला का तुमचा प्रयोग? पाच मिनिटंसुद्धा झोप लागली नाही. तुम्ही दोघी बिस्किटं खात होतात. एक्स्चेंजबद्दल बोललात. आणि त्याआधी अल्पना फोनवर नवऱ्याला म्हणाली की तुझ्या आईला सांग, माझ्या कपाटाला हात लावायचा नाही."

अल्पनाचे कान लाल झाले. तिने पडदा प्रमिलाबाईंकडे फिरवला, लाटा दाखवल्या, थरथर दाखवली, घोरण्याचं ध्वनिमुद्रणही ऐकवलं. प्रमिलाबाईंनी ते दोनदा ऐकलं.

"हे मी?"

"तुम्हीच, आजी."

"आणि ही थरथर, तीही मीच?"

"तीही तुम्हीच. तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुमचा गाऊनही खोटं बोलत नव्हता."

प्रमिलाबाई खुर्चीत बसल्या. टोपऱ्याचे बंद सोडायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. "शलाकाला हे लिहून पाठवा," एवढंच म्हणाल्या. पण त्यांचा आवाज जरा ओला होता.

मग अल्पनाने उपाय सांगितला. आजींना जास्त झोपेची गरज नव्हती. आपण झोपलो होतो हे कळण्याची गरज होती. तसा गाऊन करता येत होता. गाढ झोप दहा मिनिटं टिकली की तो बाही हलकेच ओढून जागं करी आणि गळ्यापाशी लावलेल्या बटणाएवढ्या स्पीकरमधून एक वाक्य म्हणे: तुम्ही आत्ता झोपला होता. रात्रीतून तीन-चारदा, असे काही आठवडे. हळूहळू दारातला तो जागल्या झोपेला ओळखायला शिके आणि खुर्ची आत घेई. "फक्त आवाज असा हवा, की अर्धवट झोपेतही त्यावर विश्वास बसला पाहिजे. डॉक्टरांचा आहे, एका निवेदिकेचा आहे, किंवा घरातलं कुणी..."

"नचिकेतचा घेऊ या," ऋजुता म्हणाली.

"तो 'हं' म्हणेल," प्रमिलाबाई म्हणाल्या. "शलाका नको, ती मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलते. हिचा घ्या. ही तोंडावर बोलते. पाहुण्यांसमोर बोलते."

ऋजुताला हसावं की रडावं कळेना. अल्पनाने तिला ध्वनिमुद्रणाच्या लहानशा खोलीत बसवलं. काचेपलीकडे प्रमिलाबाई टोपरं घालून परीक्षकासारख्या बसल्या.

"आई, तुम्ही आत्ता झोपला होतात."

"वर्गात डुलकी घेणाऱ्या मुलाला पकडल्यासारखं वाटतंय," प्रमिलाबाई म्हणाल्या. "परत."

दुसऱ्यांदा ते सहानुभूतीचं झालं. तिसऱ्यांदा सरकारी. सातव्यांदा ऋजुता म्हणाली, "आई, तुम्ही आत्ता झोपला होतात," आणि आपोआप पुढे बोलून गेली, "झोपा आता, मी आहे." काचेपलीकडे प्रमिलाबाईंनी हात वर केला. अल्पनाने यंत्र थांबवलं.

"नागपूर दहा महिने ना?" प्रमिलाबाईंनी काचेतून विचारलं.

"हो. पण आई, मी अजून—"

"उत्तर पाठव. पंधरा तारीख यायला किती उशीर आहे? हा आवाज तर घरात राहतोय. तळपायाचं मी बघेन. शेवटी माझेच पाय आहेत." मग त्या अल्पनाकडे वळल्या. "हिलाही एक गाऊन दाखव. नागपूरला हिवाळ्यात हाडं गोठतात आणि एप्रिलमध्ये भाजून निघतात. दोन्हीला चालेल असा."

अल्पनाने नवी वही उघडली आणि ऋजुताला विचारलं, "ताई, तुमची झोपेची तक्रार काय?"

पंचवीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती आठवायला लागली. तेवढ्यात प्रमिलाबाईंनीच उत्तर दिलं.

"लिही. हिला झोप भरपूर आहे. आम्ही ती कधी होऊ दिली नाही."